विलो, बॉनी की सब्रिना: चेटकीण मुलीची कोणती मालिका आधी पाहावी?

शाळकरी मुलगी, अंगात नुकतीच जागी झालेली जादू आणि गावात व्हॅम्पायर, भुतं नाहीतर साक्षात सैतान. अशा अमेरिकी मालिका गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बऱ्याच आल्या आणि त्यातल्या मोजक्या मुलींची नावं अजूनही निघतात. विलो रोझेनबर्ग, बॉनी बेनेट, सब्रिना स्पेलमन. या विषयात मुरलेले लोक डेव्हिना क्लेअरचं नाव हमखास जोडतात. चारही जणी बघण्यासारख्या आहेत, पण चारही मालिका संपवायच्या तर बरेच महिने त्यातच जातील. हा आढावा ज्याला एकीपासून सुरुवात करायची आहे आणि कोणापासून ते ठरत नाही, त्याच्यासाठी. एक सांगून ठेवायला हवं: तुलना नीट करायची तर कथानकातले मोठे धक्के लपवता येत नाहीत. ते स्वतःच अनुभवायचे असतील, तर शेवटच्या भागातली शिफारस तेवढी वाचा, आणि तिथेही व्हॅम्पायर डायरीजच्या पहिल्या वाक्यावर थांबा.

आधी वेळेचा हिशोब. विलो ज्यात आहे ती ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ मार्च १९९७ ते मे २००३ अशी सात सीझन चालली. एकूण १४४ भाग. बॉनीची ‘द व्हॅम्पायर डायरीज’ सप्टेंबर २००९ ते मार्च २०१७, आठ सीझन, १७१ भाग. दोन्हींचा एकेक भाग पाऊण तासाच्या आत संपतो, तरी पहिली शंभर तासांच्या पुढे जाते आणि दुसरी एकशेवीसच्या आसपास. ‘चिलिंग ॲडव्हेंचर्स ऑफ सब्रिना’ नेटफ्लिक्सवर ऑक्टोबर २०१८ मध्ये आली आणि ३१ डिसेंबर २०२० ला संपली. सगळे मिळून ३६ भाग, पण प्रत्येक जवळपास तासाचा. डेव्हिनाची ‘द ओरिजिनल्स’ ही व्हॅम्पायर डायरीजमधूनच निघालेली मालिका, २०१३ ते २०१८, पाच सीझन, ९२ भाग.

दुसरी गोष्ट वेळेइतकीच महत्त्वाची आहे. या चौघींपैकी मालिकेची नायिका एकटी सब्रिना. विलो ही नायिका बफीची मैत्रीण, बॉनी ही नायिका एलेनाची मैत्रीण, आणि डेव्हिना तर मायकेलसन या व्हॅम्पायर भावंडांच्या भाऊबंदकीत सापडलेली एक पोर. चेटकीण मुलगी प्रत्येक दृश्यात हवी असेल, तर निर्णय इथेच होतो. पण मैत्रिणीच्या जागेवर उभी असलेली चेटकीण लेखकांना काय करू देते आणि काय करायला लावते, हे या मालिकांमधलं सगळ्यात बोलकं प्रकरण आहे असं मला वाटतं. जादू कोण करतं हे सगळेच बघतात. त्या जादूची किंमत कोण मोजतं, हे बघितलं की चौघी एकदम वेगवेगळ्या दिसायला लागतात.

पेन्सिल, पिसं आणि सोळावा वाढदिवस

विलो पहिल्या भागात दिसते ती आईने निवडून दिलेला फ्रॉक घालून. शाळेतली कॉर्डेलिया त्या फ्रॉकवरून तिला टोचून बोलते आणि विलो खाली मान घालते. कॅलिफोर्नियातलं सनीडेल हे काल्पनिक गाव, तिथल्या हायस्कूलच्या खाली नरकाचं तोंड, आणि ही मुलगी ग्रंथालयात बसून कॉम्प्युटरवर माहिती शोधून देणारी. जादू तिच्या रक्तात नाही. ती वाचून, प्रयोग करून, चुकत चुकत शिकते. दुसऱ्या सीझनमध्ये कॉम्प्युटर शिकवणाऱ्या जेनी कॅलेंडर बाईंचा खून होतो. त्यांनी एक मंत्र फ्लॉपीवर जपून ठेवलेला असतो. तो विलोच्या हाती लागतो आणि सीझनच्या शेवटी हॉस्पिटलच्या खाटेवरून, डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत, ती तो विधी पूर्ण करते. बफीचा व्हॅम्पायर प्रियकर एंजल, ज्याचा आत्मा हरवलेला असतो, त्याला तो परत मिळतो. आणि नेमक्या त्याच क्षणी, जग वाचवण्यासाठी बफीला त्या शुद्धीवर आलेल्या एंजलच्या शरीरात तलवार खुपसावी लागते. विलोचा पहिला मोठा मंत्र यशस्वी होतो आणि त्याची किंमत तिची मैत्रीण मोजते. पुढच्या पाच सीझनचं बी इथे पेरलेलं आहे.

तिसऱ्या सीझनमध्ये विलो पेन्सिल हवेत तरंगवायचा सराव करते. बफीशी बोलता बोलता, तिच्यासारखीच व्हॅम्पायर मारणाऱ्या फेथचा विषय निघतो, विलोचा आवाज शांतच राहतो, पण पेन्सिल गरागरा फिरायला लागते आणि सुटून थेट झाडात जाऊन रुतते. मुलीच्या मनात काय चाललंय ते चेहरा लपवतो आणि पेन्सिल सांगून टाकते. एका लहानशा लाकडी वस्तूत एवढं बसवणारं लेखन टीव्हीवर फार कमी सापडतं. थोड्याच भागांनंतर, गावच्या खलनायक महापौराच्या माणसांनी कोंडून ठेवलेलं असताना, तीच विलो तरंगत्या पेन्सिलीने एका व्हॅम्पायरला संपवते.

बॉनीची गोष्ट उलटी. तिच्याकडे जादू घराण्यातून येते. आजी शीला तिला सांगत असते की आपण बेनेट बायका अमेरिकेतल्या सेलमच्या चेटकिणींच्या वंशातल्या, आणि बॉनीला ते थट्टेवारी वाटतं. पहिल्याच भागात एलेनाच्या हाताला स्पर्श होताच तिला कावळा, धुकं आणि एक माणूस दिसतो आणि ती दचकते. नंतर एका रात्री ती एलेनासमोर उशीतली पिसं काढून ठेवते आणि एकेक करत सगळी हवेत उचलते. केटरिना ग्रॅहमचा, म्हणजे सगळे जिला कॅट ग्रॅहम म्हणतात तिचा, त्या वेळचा चेहरा बघा. भीती आहे, आनंद आहे, आणि ‘तू मला घाबरणार नाहीस ना’ हा प्रश्नही आहे. संपूर्ण मालिकेत बॉनीने केवळ आनंदासाठी केलेली जादू इतकी कमी आहे की ते दृश्य जपून ठेवावंसं वाटतं.

सब्रिनाला शिकायचं नाही, शोधायचंही नाही. तिला निवडायचं आहे. हॅलोविनला जन्मलेली, अर्धी चेटकीण आणि अर्धी माणूस. सोळाव्या वाढदिवसाला जंगलात जाऊन सैतानाच्या वहीत सही करायची अशी घराण्याची रीत. सही केली की शक्ती मिळते, पण शाळा, मैत्रिणी आणि प्रियकर हार्वी सोडावे लागतात. सब्रिना ऐन विधीतून पळ काढते. मालिकेची पहिली दहा प्रकरणं या एका सहीभोवती फिरतात आणि म्हणून ती घट्ट झाली आहेत. मुलीच्या देहावर, नावावर आणि भविष्यावर धर्मगुरू, परंपरा आणि घरातली मोठी माणसं हक्क सांगतात, आणि ती म्हणते की मला दोन्ही हवं, स्वातंत्र्यही आणि शक्तीही. हे वाक्य कुठल्याही देशातल्या सोळा वर्षांच्या मुलीला परकं वाटणार नाही.

घरचं माणूस म्हणाल, तर सब्रिना इथे सगळ्यांच्या पुढे आहे. झेल्डा आणि हिल्डा या तिच्या दोन आत्या, घरातच अंत्यविधीचा व्यवसाय चालवणाऱ्या. मिरांडा ओटोची झेल्डा कडक, धर्मनिष्ठ, सिगारेटच्या धुरामागे लपलेली. लुसी डेव्हिसची हिल्डा मायाळू. झेल्डा रागाच्या भरात बहिणीला मारून टाकते आणि अंगणातल्या त्या खास मातीत पुरते, हिल्डा थोड्या वेळाने माती झटकत घरात परत येते. चुलतभाऊ ॲम्ब्रोजला शिक्षा म्हणून घराबाहेर पडायची बंदी आहे, आणि चान्स पर्डोमोने तो इतका जिवंत केला की त्याचं घरात कोंडून असणं आपल्याला टोचतं. पर्डोमो मार्च २०२४ मध्ये मोटरसायकल अपघातात गेला. आता मालिका बघताना ते मनात राहतंच. विलोच्या आईवडिलांना मालिकेत जवळजवळ जागा नाही, आणि बॉनीची आजी पहिल्या सीझनच्या चौदाव्या भागात, थडग्याचा मंत्र उघडताना जीव खर्ची घालून मरते.

मेलेल्याला परत आणणं

योगायोग म्हणा नाहीतर या प्रकारच्या कथेची गरज म्हणा, तिघीही एकदा तरी मेलेल्या माणसाला परत आणतात. कोणती मालिका आपली, हे ठरवायला मी याच तीन प्रसंगांकडे बोट दाखवेन.

विलो बफीला परत आणते. सहाव्या सीझनची सुरुवात. बफीचा मृत्यू होऊन काही महिने झालेले, मित्रांची समजूत अशी की तिचा आत्मा कुठल्यातरी नरकात तळमळतोय. विलो विधीसाठी एका पाडसाचा जीव घेते आणि बाकीच्यांना ते सांगत नाही. विधी अर्धवट मोडतो, सगळे पांगतात, आणि बफी शवपेटीत जिवंत होते. मातीखाली, एकटी. नखांनी लाकूड आणि माती खरवडून तिला बाहेर यावं लागतं. नंतर कळतं की ती नरकात नव्हतीच. ती शांत होती, सुखात होती, आणि मैत्रिणीने तिला तिथून ओढून आणलं. हे ती आधी फक्त स्पाइक या व्हॅम्पायरला सांगते. मैत्रिणींना कळतं ते संगीत-भागात, गाण्यातून, आणि तेव्हा विलोचा चेहरा पाहावत नाही. प्रेमापोटी केलेलं काम इतकं क्रूर ठरू शकतं, हे दाखवायची हिंमत या मालिकेत आहे. आणि त्याच सीझनच्या अखेरीस तिची जोडीदार टेरा खिडकीतून आलेल्या गोळीने मरते, तेव्हा विलो पुन्हा त्याच देवतेला हाक मारते. उत्तर येतं की हे मरण माणसाच्या हातून आलं आहे, यात जादू नाही, ते परतवता येणार नाही. आधीच्या वेळी जे मिळालं ते आता नाही. पुढचे तीन भाग मालिकेतले सर्वात काळे आहेत.

बॉनी आपल्या प्रियकराला, एलेनाच्या भावाला, जेरेमीला परत आणते, आणि एकदा नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटी चुकून लागलेल्या गोळीने तो मरतो. बॉनी मेलेल्या चेटकिणींकडे गयावया करते, त्या बजावतात की याचे परिणाम होतील. जेरेमी उठतो, पण त्याला त्याच्या मेलेल्या प्रेयसी दिसायला लागतात. म्हणजे बॉनीने स्वतःच्या हाताने स्वतःच्या संसारात भूत आणून बसवलं. चौथ्या सीझनच्या अखेरीस ती त्याला पुन्हा परत आणते आणि या वेळी स्वतः मरते. मरते, आणि जेरेमीला सांगते की बाकीच्यांना कळू देऊ नकोस, त्यांची सुट्टी चांगली जाऊ दे. पदवीदान समारंभात ती भूत म्हणून मैत्रिणींच्या शेजारी उभी असते. पाचव्या सीझनमध्ये तिला पलीकडच्या जगाला बांधून ठेवणारा नांगर करून परत आणतात. मग कुठलाही व्हॅम्पायर, कुठलीही चेटकीण मेली की ती बॉनीतून पलीकडे जाणार आणि त्या मरणाची कळ बॉनीच्या अंगातून जाणार.

सब्रिना हार्वीच्या भावाला, टॉमीला, परत आणते. तो खाणीत गाडला गेलेला असतो. त्यासाठी ती ॲगाथा या दुसऱ्या चेटकीण मुलीचा गळा चिरते, अर्थात नंतर तिला त्या अंगणातल्या मातीत पुरून उठवायची योजना असते. टॉमी घरी येतो. जेवणाच्या टेबलावर बसतो, पण बोलत नाही, ओळखत नाही. शरीर आलं, आत्मा आलाच नाही. शेवटी हार्वीलाच स्वतःच्या भावावर बंदूक धरावी लागते. कॅमेरा घरात जात नाही, फक्त आवाज ऐकू येतो.

आता हे तीन प्रसंग शेजारी ठेवून बघा. विलोच्या जादूची किंमत तिची माणसं मोजतात आणि नंतर ती किंमत फिरून तिच्याकडेच येते. सब्रिनाच्या जादूची किंमतही इतर लोक मोजतात, फक्त ती दुसऱ्या दिवशी नवं धाडस करायला मोकळी असते. आणि बॉनी सगळ्यांची किंमत एकटी मोजते. घरात एक मुलगी असते ना, जिला काम निघालं की सगळे हाक मारतात आणि पंगत बसली की विसरतात, तशी बॉनी आहे.

हे मी हलक्याने म्हणत नाही. मूळ पुस्तकांमधली बॉनी लाल केसांची, मॅककुला आडनावाची. टीव्हीवर ती कृष्णवर्णीय झाली, आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि सेलम असा दुहेरी वारसा तिला मिळाला. १८६४ मधली तिची पूर्वज एमिली ही कॅथरीन या व्हॅम्पायरची दासी होती, असं मालिका स्वतःच दाखवते. ही केवढी ताकदीची मांडणी होऊ शकली असती. त्याऐवजी आठ सीझन ही मुलगी गोऱ्या मित्रमैत्रिणींसाठी नाकातून रक्त गाळत मंत्र म्हणते. तिची आजी जाते, आई व्हॅम्पायर केली जाते, वडिलांचा तिच्या डोळ्यांदेखत गळा चिरला जातो, आणि मालिका दोन मिनिटांत एलेनाच्या प्रेमाकडे वळते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी यावर वर्षानुवर्षं लिहिलं, आणि ते बरोबर लिहिलं. बॉनी मला चौघींत सगळ्यात प्रिय आहे, आणि तिच्यावर झालेला अन्याय सहन करत मालिका बघावी लागते हे आधीच माहीत असलेलं बरं.

तिला न्याय मिळतो तो सहाव्या सीझनमध्ये. ती आणि डेमन हा व्हॅम्पायर १० मे १९९४ या एकाच दिवसात अडकतात. रोज तोच दिवस, तेच ग्रहण, आणि माणूस म्हणून दोघंच. त्या तारखेला अमेरिकेतून खरोखरच कंकणाकृती सूर्यग्रहण दिसलं होतं, लेखकांनी ती नेमकी उचलली. मग काई पार्कर हा खुनी चेटक्या येतो, डेमन सुटतो आणि बॉनी मागे एकटी राहते. तिचा वाढदिवसही त्या रिकाम्या गावात जातो. एकटेपणाने ती जीव द्यायला निघते आणि शेवटच्या क्षणी जगायचं ठरवते. या भागात आत्महत्येचा प्रसंग थेट दाखवला आहे, ज्यांना त्रास होऊ शकतो त्यांनी लक्षात घ्यावं. पण कॅट ग्रॅहमला पूर्ण भाग मिळाला की ती काय करू शकते, ते इथे कळतं.

आठवण पुसण्याचं पाप

आणखी एक जोडी अशीच समोर येते. सब्रिना पहिल्याच भागात हार्वीला जंगलात नेऊन सांगते की मी चेटकीण आहे. तो गोंधळतो, घाबरतो, आणि ती मंत्र म्हणून त्याची ती आठवण पुसून टाकते. दृश्य गोड आहे, चुंबनाने संपतं. विलो सहाव्या सीझनमध्ये टेराच्या मनातून त्यांचं भांडण पुसते. तेही सुरुवातीला गोडच वाटतं, टेरा सकाळी हसत उठते. पण जेव्हा टेराला कळतं, तेव्हा मालिका त्या कृतीला तिचं खरं नाव देते: तू माझ्या मनावर हात टाकलास. टेराचं मन आधीही एका शत्रूने असंच लुबाडलेलं असतं, म्हणून तो घाव दुप्पट. ती विलोला म्हणते, एक आठवडा जादूशिवाय राहून दाखव. विलो कबूल करते आणि त्याच दिवशी पुन्हा मंत्र टाकते. टेरा घर सोडते.

एकच कृती, दोन मालिका. एकीत ती प्रेमकथेतला वळसा आहे, दुसरीत नातं मोडणारा गुन्हा. घरात किशोरवयीन मुलं असतील आणि त्यांच्यासोबत बसून बघायचं असेल, तर बोलायला जागा विलोकडे जास्त आहे.

विलोच्या बाजूचे दोष मात्र झाकायचे नाहीत. सहाव्या सीझनमध्ये जादूला थेट व्यसनाचं रूप दिलं आहे, अड्डा काय, पुरवणारा काय, थरथरणारे हात काय. सत्तेच्या लोभाची इतकी चांगली चाललेली गोष्ट तिथे काही भाग उगाच सोपी होते. टेराचा मृत्यू मे २००२ मध्ये दाखवला गेला तेव्हा समलिंगी प्रेक्षकांना फार लागला, कारण तेव्हा टीव्हीवर दोन बायकांचं असं स्थिर, प्रेमळ नातं विरळाच होतं. चौथ्या सीझनच्या ‘हश’ या जवळजवळ मुक्या भागात कपडे धुण्याच्या खोलीत दोघी पहिल्यांदा हात धरतात आणि जड व्हेंडिंग मशीन सरकून दाराशी जातं, तिथपासून लोक त्यांच्यासोबत होते. राग आजही शमलेला नाही. पहिला सीझन बारा भागांचाच आहे, पण चित्रण साधं, राक्षस रबराचे. आणि २०२१ मध्ये कॉर्डेलिया साकारणाऱ्या करिझ्मा कार्पेंटरने मालिकेचा कर्ता जॉस व्हीडनवर सेटवरच्या वागणुकीचे गंभीर आरोप केले, टेरा साकारणाऱ्या अँबर बेन्सनने तिला जाहीर पाठिंबा दिला. मालिका बघायची की नाही यात काहींना हेही मोजायचं असेल, आणि तो त्यांचा हक्क आहे.

तरीही विलोचा प्रवास पूर्ण होतो, हे तिचं मोठेपण. टेराच्या खुन्याला ती ज्या रीतीने मारते, त्यानंतर तिला परत आणणं लेखकांना सोपं नव्हतं. जग जाळायला निघालेल्या काळ्या केसांच्या विलोपुढे तिचा बालमित्र झँडर हातात काहीही न घेता उभा राहतो आणि बालवाडीच्या पहिल्या दिवसाची आठवण काढतो: तुझ्या हातून पिवळा खडू मोडला होता आणि तू कुणाला सांगायला घाबरून रडत होतीस. शेवटच्या भागात हीच विलो पुन्हा प्रचंड जादू करते, आणि या वेळी बफीची शक्ती जगभरातल्या अनोळखी मुलींमध्ये वाटून टाकते. केस पांढरे होतात. ॲलिसन हॅनिगनने फ्रॉकवरून हिणवलेल्या मुलीपासून इथवर आणलेला प्रवास कुठेही तुटत नाही.

सब्रिनाचा तुटतो. पहिले दोन भागसमूह, नाताळचा विशेष भाग धरून वीस प्रकरणं, उत्तम आहेत. पडद्याच्या कडा धूसर ठेवणारं चित्रीकरण, हिरवट-लाल रंग, मिशेल गोमेझची मॅडम सेटन आणि टॅटी गॅब्रिएलची प्रूडन्स, ज्यांच्यामुळे साधी दृश्यंही धारदार होतात. तिसऱ्यापासून गाणी, नरकाची गादी, दोन-दोन सब्रिना असा पसारा वाढत जातो. जुलै २०२० मध्ये मालिका बंद होणार हे जाहीर झालं आणि शेवट त्या मानाने उरकलेला वाटतो. सब्रिना मरते, तिच्यामागोमाग तिचा नंतरचा प्रियकर निकही मरून तिच्यापाशी पोहोचतो, आणि मालिका ते प्रेमाचं सुख म्हणून दाखवते. किशोरवयीन प्रेक्षकांसमोर असा शेवट ठेवणं मला चुकीचं वाटतं.

आशयाबद्दलही स्पष्ट असलेलं बरं. सब्रिनात सैतानपूजा, नरमांसाचा विधी, कामुक दृश्यं आणि भरपूर रक्त आहे. तिथल्या बकऱ्याच्या डोक्याच्या पुतळ्यावरून द सटॅनिक टेम्पल या संघटनेने २०१८ मध्ये पाच कोटी डॉलरचा दावाही ठोकला होता आणि तो महिन्याभरात मिटला. घरात लहान मुलं असतील तर याच पात्राची १९९६ ते २००३ मधली मेलिसा जोन हार्टची विनोदी मालिका आहे, ती सगळ्यांसोबत बघता येते. पात्र मुळात १९६२ सालच्या आर्ची कॉमिक्सचं आहे.

डेव्हिनाबद्दल थोडक्यात, कारण तिची गोष्ट थोडक्यातच सर्वात तीव्र आहे. न्यू ऑर्लिन्समधल्या चेटकिणी शक्ती टिकवण्यासाठी चार मुलींचा बळी देतात, त्या पुन्हा उठतील या श्रद्धेने. डेव्हिनाची आईही त्यात सामील असते. मार्सेल नावाचा व्हॅम्पायर तिला ऐनवेळी वाचवतो, तिघींची शक्ती तिच्यात साठते, आणि मग तोच तिला चर्चच्या माळ्यावर ठेवून शहरातल्या चेटकिणींवर नजर ठेवायला वापरतो. सोळा वर्षांची मुलगी, जिला सख्ख्यांनी मरायला नेलं आणि वाचवणाऱ्याने कामाला लावलं. पहिला सीझन डॅनिएल कॅम्पबेलने गाजवला आहे. पुढे मोठ्यांच्या युद्धात ती पुन्हा पुन्हा प्यादं होते.

मग सुरुवात कुठून

एकच मालिका पुरी बघायची असेल, तर विलो. पहिल्या सीझनच्या जुनाट रूपाला बारा भाग सांभाळून घ्या, दुसऱ्याच्या मध्यापासून पकड बसते आणि चौथ्यात विलोची खरी गोष्ट सुरू होते. भाग गाळत जाऊ नका, कारण सहाव्या सीझनमधल्या प्रत्येक घावाचं कारण आधी कुठेतरी ठेवलेलं आहे.

हातात एखादा महिना असेल आणि नायिका चेटकीणच हवी असेल, तर सब्रिना, पहिली वीस प्रकरणं. विसावं संपलं की थांबा. तिथे गोष्ट एका ठिकाणी नीट टेकते.

प्रेमकथा, देखणे व्हॅम्पायर आणि लांबच लांब सोबत हवी असेल तर द व्हॅम्पायर डायरीज आहेच, आणि तिथे बॉनीवर नजर ठेवा. सातव्या सीझनची सुरुवात रेंगाळते, कारण सहाव्याच्या शेवटी नीना डोब्रेव्ह मालिका सोडून गेली आणि तिच्या एलेनाला काई पार्करच्या मंत्राने झोपवण्यात आलं: बॉनी जगेल तोवर एलेना झोपलेली. तिथे सोडून देण्याचा मोह होईल. सोडू नका, कारण शेवटच्या भागात बॉनी आपल्या सगळ्या पूर्वज बायकांना सोबत घेऊन नरकाची आग मागे वळवते, एलेनाला मरण न पत्करता जागं करते, आणि या एकदा कुणासाठीही न मरता, बॅग भरून जग बघायला निघते.

डेव्हिना मात्र व्हॅम्पायर डायरीजचे पहिले चार सीझन झाल्याशिवाय घेऊ नका. मायकेलसन कुटुंब कोण हे माहीत नसेल, तर तो माळा कशासाठी आहे हेच कळणार नाही.